स्थलांतरित कुटुंबातील मूल शाळेत टिकवण्यासाठी: गोव्यातील शालेय समाजकार्यकर्त्यांना मार्गदर्शन

वास्को, मडगाव, म्हापसा किंवा पणजीच्या आसपासच्या एखाद्या सरकारी प्राथमिक शाळेचा हजेरीपट उघडला, की राठोड, लमाणी, मादर, तळवार, यादव, साहनी अशी आडनावे ओळीने दिसतात. या मुलांचे आईवडील विजापूर, बागलकोट, गदग, हावेरी, कोप्पळ या जिल्ह्यांतून, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातून आणि काही नेपाळातून आलेले असतात. बांधकामे, औद्योगिक वसाहती, मासळीच्या जेटी, हॉटेलांची स्वयंपाकघरे आणि लोकांच्या घरची धुणीभांडी ही त्यांची कामाची ठिकाणे. शाळांच्या पटसंख्येचा प्रश्न निघाला की या मुलांची आठवण सर्वांना होते. ती वर्गात शिकतात की नुसती बसतात, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

शालेय समाजकार्य हा व्यवसायच मुळात स्थलांतरितांच्या वस्त्यांतून उभा राहिला. 1906-07 च्या सुमारास न्यू यॉर्क, बॉस्टन आणि हार्टफर्ड या अमेरिकन शहरांत, युरोपातून आलेल्या कुटुंबांच्या घरी जाऊन मुलाची शाळा आणि त्याचे घर यांची गाठ घालून देणाऱ्या ‘भेटीच्या शिक्षिका’ नेमल्या गेल्या, आणि आजचा शालेय समाजकार्यकर्ता त्यांचाच वारसदार आहे. गोव्यात माध्यमिक शाळांना गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत समुपदेशक मिळतात आणि एकेकाच्या वाट्याला एकाहून अधिक शाळा येतात. प्राथमिक शाळांत हे काम बहुधा वर्गशिक्षिका, मुख्याध्यापक किंवा एखाद्या संस्थेची कार्यकर्ती सांभाळते. पुढील मजकूर या सर्वांसाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करावी लागेल. स्थलांतरित मुलाची शाळा गरिबीमुळे सुटते, असे आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात ती ठरावीक सांध्यांवर तुटते: प्रवेशाच्या वेळी, उन्हाळ्यात कुटुंब गावी गेल्यावर, खोली बदलल्यावर आणि चौथीतून पाचवीत जाताना. गरिबी हटवणे आपल्या हातात नाही, पण हे सांधे जपणे बऱ्याच अंशी आहे, आणि समाजकार्यकर्त्याने आपला वेळ कोठे खर्च करायचा याचा हिशोब त्यावरूनच मांडावा.

प्रवेश आणि कागदपत्रे

प्रवेशाला आलेली आई सहसा प्लास्टिकच्या पिशवीत सर्व कागद एकत्र आणते. त्यात लसीकरणाचे कार्ड असते, कर्नाटकातील रेशनकार्ड असते, आधारकार्ड असते आणि त्यावरील जन्मतारीख पुष्कळदा 1 जानेवारी किंवा 1 जून अशी अंदाजाने घातलेली असते. एका कागदावर ‘लक्ष्मी एच.’, दुसऱ्यावर ‘लक्ष्मव्वा’, तिसऱ्यावर ‘लक्ष्मी हणमंत राठोड’ असे एकाच मुलीचे तीन अवतार आढळतात, कारण तिच्या गावी आडनाव लिहिण्याची सक्ती नव्हती आणि आपल्या अर्जात त्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. अशा वेळी ‘कागद नीट करून या’ असे सांगून पाठवलेली आई पुन्हा येईलच याचा भरवसा नसतो. गावी जाऊन कागद आणायचा म्हणजे तिची चार दिवसांची मजुरी बुडते.

म्हणून कायदा काय सांगतो, हे कार्यालयातील प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या कलम 14 नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. केंद्राच्या नियमांत जन्मदाखल्याऐवजी रुग्णालयाची किंवा परिचारिकेची नोंद, अंगणवाडीची नोंद, अथवा आईवडिलांचे वयाबाबतचे निवेदनही ग्राह्य धरलेले आहे. कलम 5 नुसार आधीच्या शाळेचा दाखला उशिरा मिळाला, या कारणास्तव प्रवेश लांबवता येत नाही. आधारकार्डाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात शाळाप्रवेशासाठी त्याची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट केले. कायद्यात ‘सहा ते चौदा वर्षांचे प्रत्येक बालक’ असे शब्द आहेत आणि नागरिकत्वाची अट घातलेली नाही, त्यामुळे कळंगुट-कांदोळीच्या पट्ट्यातील नेपाळी पहारेकऱ्याच्या मुलालाही तोच हक्क आहे.

ही कलमे मुख्याध्यापकांसमोर भांडणाच्या सुरात मांडू नयेत. बहुतेक मुख्याध्यापकांची अडचण संगणकातील न भरता येणाऱ्या रकान्याची असते, मनाची नसते. मुलाला आज वर्गात बसवून हजेरी सुरू करावी, नोंदींची दुरुस्ती मागाहून भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून करून घ्यावी, आणि ते काम आपण स्वतः अंगावर घ्यावे. एवढे म्हटले की दार सहसा उघडते.

नावाचे एकच रूप पहिल्याच दिवशी पालकांशी बोलून ठरवावे आणि ते सर्वत्र तसेच लिहावे. कारकुनाने ऐकून लिहिलेले नाव पुढे वर्षानुवर्षे चालत राहते. नववीत गोवा शालान्त मंडळाकडे नोंद गेल्यानंतर त्यातील चूक सुधारणे जिकिरीचे होते, म्हणून सातवी-आठवीतच प्रत्येक स्थलांतरित मुलाच्या नोंदी एकदा ताडून पाहाव्यात.

वय आणि इयत्ता यांचा मेळ बसत नसेल, तर अकरा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवण्याचा मोह टाळावा. कलम 4 प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गातच प्रवेश द्यायचा असतो आणि राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणातून भरून काढायचा असतो; नियमांनुसार हे प्रशिक्षण किमान तीन महिन्यांचे असते आणि ते दोन वर्षांपर्यंत वाढवता येते. त्याची मागणी ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेच्या तालुका पातळीवरील कर्मचाऱ्यांकडे लेखी करावी आणि पोच घ्यावी.

घरभेट

घरभेटीशिवाय हे काम होत नाही, आणि शाळेच्या वेळेत केलेली घरभेट बहुधा वाया जाते. बांधकामावरचा माणूस संध्याकाळी सहानंतर खोलीवर येतो, घरकाम करणाऱ्या बाईचे दुसरे काम दुपारी उरकते, हॉटेलात काम करणाऱ्याला पर्यटनाच्या हंगामात रविवारही मोकळा नसतो. झुआरीनगर, चिंबलचे इंदिरानगर किंवा मडगावचा मोती डोंगर अशा वस्तीत पहिल्यांदा जाताना एकट्याने जाऊ नये. तेथील अंगणवाडी सेविकेला किंवा वस्तीतच राहणाऱ्या एखाद्या पालकाला सोबत घ्यावे, आणि आपण कोण हे दारातच सांगावे. ‘मी तुमच्या मुलीच्या शाळेतून आले आहे, तिची काही तक्रार नाही’ हे पहिलेच वाक्य असावे, कारण शाळेतून माणूस आला म्हणजे मुलाने काहीतरी केले, आणि वहीपेन घेतलेला अनोळखी माणूस आला म्हणजे भाडेकरूंची पडताळणी किंवा घर पाडण्याची नोटीस, असाच अनुभव या लोकांच्या गाठीशी असतो.

वास्कोच्या बाईना भागातील शेकडो घरे जून 2004 मध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर पाडण्यात आली. अशा गोष्टी वस्त्यांच्या आठवणीत दीर्घकाळ राहतात. म्हणून घर मालकीचे की भाड्याचे, घरमालक कोण, भाडेकरार आहे का, हे प्रश्न शाळेच्या कामासाठी आवश्यक नसतील तर विचारूच नयेत. पडताळणी हे पोलिसांचे काम आहे. ते शाळेच्या माणसाने केले, किंवा केल्यासारखे वाटले, तर त्या वस्तीतील दहा घरांची दारे बंद होतात.

त्याऐवजी घरात लहान भावंडे किती आणि ती दिवसभर कोणाकडे असतात, हे अवश्य विचारावे. नऊ-दहा वर्षांची मुलगी आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळा बुडवते, तेव्हा तिच्या कडेवर बहुधा दीड-दोन वर्षांचे मूल असते. तिला शाळेचे महत्त्व पटवून देण्यात अर्थ नाही, ते तिला पटलेलेच असते. धाकट्याला जवळच्या अंगणवाडीत घालता येईल का, अंगणवाडी सुटल्यावरचे दोन तास शेजारीण सांभाळेल का, आईच्या कामाच्या वेळा पुढेमागे होतील का, याची जुळवाजुळव करावी. माझ्या मते कार्यकर्त्याच्या कौशल्याची खरी कसोटी येथेच लागते, आणि अहवालाच्या कोणत्याही रकान्यात हे काम मावत नाही.

पालकसभा सकाळी दहा वाजता ठेवून ‘पालक येत नाहीत’ असा शेरा मारण्याची पद्धत सोडून द्यावी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, त्यांत दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असावे आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्यात, असे कायदाच सांगतो. ज्या शाळेत निम्मी मुले स्थलांतरितांची आहेत, तेथे समितीत त्यांची एकही आई नसेल, तर पुढच्या निवडीच्या वेळी ही बाब लेखी मांडावी.

भाषेचा प्रश्न

लमाणी कुटुंबातील मूल घरी गोरबोली बोलते, वस्तीत कन्नड ऐकते, वडील ठेकेदाराशी हिंदीत बोलतात, दुकानदार कोंकणीत उत्तर देतो आणि शाळेत पुस्तक उघडले की मराठी समोर येते. शिवाय पहिलीपासून इंग्रजी आहेच. गोव्यात कन्नड माध्यमाच्या मोजक्या प्राथमिक शाळा आहेत, पण त्या प्रत्येक वस्तीच्या आवाक्यात नाहीत, आणि गोव्यातच राहायचे ठरवलेले पालकही मुलाला येथील भाषा यावी अशीच इच्छा धरतात.

नव्या भाषेच्या वर्गात आलेले मूल सुरुवातीचे काही आठवडे, कधी काही महिने, जवळजवळ गप्प असते. त्या काळात ते ऐकत असते आणि साठवत असते. त्याला उभे करून बोलायला लावणे किंवा ‘मतिमंद वाटतो’ असा शेरा मारणे, दोन्ही घातक आहे. वर्गशिक्षिकेला सुचवण्यासारख्या साध्या गोष्टी बऱ्याच आहेत: त्याच भाषेचे थोडे जुने मूल त्याच्या शेजारी बसवावे, सूचना हातवाऱ्यांनी आणि चित्रांनी द्याव्यात, तोंडी उत्तर हवे असेल तेथे सुरुवातीला बोट दाखवणे किंवा चित्र काढणे चालवून घ्यावे, गणिताची उदाहरणे अंकांतच घालून पाहावीत. गणितात जे मूल झटपट उत्तर काढते आणि मराठीच्या तासाला खाली पाहत राहते, त्याची अडचण बुद्धीची नसून भाषेची आहे, हे दहा मिनिटांत कळते.

अध्ययन अक्षमतेची शंका आली, तर मूल्यमापन शक्यतो घरच्या भाषेत, जाणकार व्यक्तीच्या मदतीने करून घ्यावे. मात्र सर्व काही भाषेच्या खात्यावर टाकून मोकळेही होऊ नये. कान फुटलेला असणे, कमी ऐकू येणे, चष्म्याची गरज असणे या गोष्टी ‘त्याला मराठी येत नाही’ या समजुतीखाली वर्षानुवर्षे दडून राहतात. आरोग्य केंद्राच्या शालेय तपासणीचा दिवस आधीच माहीत करून घ्यावा आणि त्या दिवशी हे मूल हजर राहील, याची खात्री करावी.

दुभाष्याबाबत एक नियम कडक पाळावा: मुलाला त्याच्याच घरच्या गोष्टींचा दुभाषी करू नये. दाखल्याची तारीख विचारायची असेल तर ठीक आहे, पण मारहाण, दारू, कर्ज, आजार यांबद्दल आईशी बोलताना आठवीतील मुलीने मध्ये उभे राहून कन्नडचे मराठी करायचे, ही तिच्यावर लादलेली शिक्षा ठरते. वस्तीतील दोन-तीन विश्वासू प्रौढांची यादी आधीच तयार ठेवावी, आणि ते त्याच कुटुंबाचे नातेवाईक किंवा ठेकेदाराची माणसे नाहीत, हे तपासून घ्यावे.

वर्गातील चिडवणुकीकडे ‘मुले आहेत, चालायचेच’ म्हणून पाहू नये. ‘घाटी’ किंवा ‘भायलो’ (बाहेरचा) म्हणून हाक मारणे, डब्याला नावे ठेवणे, कपड्यांच्या वासावरून जागा बदलून मागणे हे मुले घरूनच ऐकून आलेली असतात. चिडवणाऱ्याला सर्वांसमोर झापल्याने प्रकार मैदानात जातो; त्याला एकट्याला बोलावून, नंतर त्याच्या पालकांशीही बोलून विषय संपवावा. शिक्षकच असे बोलत असतील, तर मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगावे, कारण शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी घालते. माध्यान्ह आहाराच्या वेळी मुले कोठे आणि कोणाजवळ बसतात, हे एखाद्या दिवशी लांबून पाहावे. पावभाजीच्या त्या पंधरा मिनिटांत वर्गातील गटबाजी जितकी उघड होते, तितकी कोणत्याही प्रश्नावलीतून होत नाही.

गैरहजेरी आणि गावची वाट

तीन दिवस सलग गैरहजेरी दिसली, की चौथ्या दिवशी फोन आणि आठवड्याच्या आत घरभेट, हा नेम ठेवावा. महिन्यानंतर गेल्यास खोलीत दुसरेच कुटुंब राहायला आलेले आढळते. फोन नंबर एकच घेऊन भागत नाही, कारण ही कुटुंबे सिमकार्ड वारंवार बदलतात; गावाकडच्या आजोबांचा, शेजाऱ्याचा आणि ठेकेदाराचा किंवा वडील जेथे काम करतात तेथील नंबरही लिहून ठेवावा.

गावी जाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात: उन्हाळ्यातील लग्ने, गावची जत्रा, उगादी, पेरणी, पूर्वेकडच्या राज्यांतील कुटुंबांची छठ. पूर्वी शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होत असे, तेव्हा एप्रिल-मेची वारी सुट्टीतच जमून जाई. 2025-26 पासून सहावी आणि त्यापुढच्या बहुतेक वर्गांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊ लागले, आणि नेमके त्याच दिवसांत गावी गेलेले मूल नव्या वर्गाचे पहिले आठवडे गमावते. म्हणून मार्चमध्येच प्रत्येक कुटुंबाला विचारावे: कधी निघणार, कधी परतणार, मुलाला मागे ठेवणार का. परतीची तारीख पालकांच्या तोंडून वदवून घेऊन वहीत लिहिली, की ती पाळली जाण्याची शक्यता वाढते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला एकटीलाच गावी पाठवले जात असेल, तर लग्नाची शक्यता मनात धरून आईशी वेगळे बोलावे.

चौथीनंतरचे वळण

गोव्यात प्राथमिक शाळा चौथीला संपते आणि पाचवीसाठी दुसरी शाळा शोधावी लागते. तेथील माध्यम बहुतांशी इंग्रजी असते. स्थानिक पालकाला हे वळण माहीत असते, स्थलांतरिताला ते मेमध्ये कळते, आणि तोवर जवळच्या माध्यमिक शाळेतील जागा भरलेल्या असतात. चौथीच्या मुलांची यादी दिवाळीनंतरच हाती घ्यावी, जवळच्या दोन माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना भेटावे, अर्जांच्या तारखा विचाराव्यात आणि पालकांना प्रत्यक्ष त्या शाळेच्या दारापर्यंत नेऊन आणावे. बालरथ, म्हणजे शाळेची बस, कोणत्या रस्त्याने जातो, तो वस्तीजवळ थांबतो का, हेही तेव्हाच पाहावे, कारण शाळा लांब पडते म्हणून मुलीला घरी बसवणारे पालक थोडे नाहीत. पाचवीच्या पहिल्या सत्रात या मुलांची हजेरी नव्या शाळेकडून दर महिन्याला मागवावी.

सवलती, आणि खरे सांगणे

सवलतींबाबत पालकांना खोटी आशा लावू नये. सर्वांत जास्त घोळ जातीच्या दाखल्यावरून होतो. लमाणी समाज कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतो. गोव्याच्या यादीत तो नाही. जात-जमातींच्या याद्या राज्यनिहाय असतात आणि स्थलांतराने त्या माणसाबरोबर येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 च्या दशकातच स्पष्ट केले आहे. तेव्हा कर्नाटकचा दाखला दाखवून गोवा सरकारची शिष्यवृत्ती मिळेल, असे सांगून पालकांना मामलेदार कार्यालयाच्या फेऱ्या मारायला लावू नये.

जे मिळू शकते ते मात्र नेटाने मिळवावे. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत गोवा आणि कर्नाटक दोन्ही 1 जानेवारी 2020 पासून असल्याने गावच्या कार्डावर येथे धान्य उचलता येते, आणि हे अनेक कुटुंबांना ठाऊकच नसते. वडील किंवा आई बांधकामावर वर्षात किमान 90 दिवस काम करत असतील, तर बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी करता येते. मुलांच्या शिक्षणाला मदत देण्याची तरतूद तेथे असते. शाळेतील सलग नोंदी नीट जपायला पालकांना सांगावे. पुढे सरकारी नोकरीसाठी 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागितला जातो, तेव्हा या नोंदीच त्या मुलाच्या कामी येतात.

मूल धोक्यात असेल तेव्हा

येथे विचारविनिमयाला वाव कमी आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. मुलाची उलटतपासणी आपण करू नये. त्याने आपणहून जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे. चौदा वर्षांखालील मूल हॉटेलात, भंगाराच्या अड्ड्यावर किंवा कोणाच्या घरी कामाला लावलेले आढळल्यास, किंवा मुलाला कोणी वालीच उरलेला नसल्यास, 1098 या बालमदत क्रमांकावर फोन करावा आणि बालकल्याण समितीला कळवावे. गोव्याचा स्वतःचा 2003 चा बाल कायदा आहे आणि त्याखाली बाल न्यायालयही आहे. कुटुंब परके आहे, उद्या निघून जाईल, म्हणून प्रकरण आपापसांत मिटवण्याचा सल्ला देणारे नेहमी भेटतात. त्यांचे ऐकू नये.

शाळा सोडताना

कुटुंब कायमचे निघते आहे असे कळले, की दाखला मागण्याची वाट न पाहता तो तयार करून घ्यावा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 नुसार मुख्याध्यापकांनी तो तात्काळ द्यायचा असतो आणि विलंब केल्यास त्यांच्यावर कारवाई होऊ शकते. दाखल्याबरोबर एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये प्रगतिपत्रक, यूडायस प्लस या शाळांच्या संगणकीय नोंदप्रणालीतील मुलाचा कायम शिक्षण क्रमांक, लसीकरण कार्डाची प्रत आणि शाळेचा फोन नंबर घालून तो आईच्या हाती द्यावा, आणि कोणता कागद कशासाठी लागतो हे तिला तिच्या भाषेत समजावून सांगावे. मूल कोणत्या भाषेत किती वाचते, गणित कोठपर्यंत आले आहे आणि त्याला काय आवडते, याच्या चार-पाच ओळी हिंदीत लिहून त्यात ठेवल्यास नव्या शिक्षकाचा पहिला महिना वाचतो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी गावच्या नंबरावर फोन करावा आणि नव्या शाळेचे नाव विचारावे. संगणकावर आपल्या शाळेने मुलाला मुक्त केले नसेल, तर नव्या शाळेला त्याचा क्रमांक ओढून घेता येत नाही, म्हणून ती नोंद त्याच दिवशी कारकुनाशेजारी बसून पूर्ण करून घ्यावी. मूल अजून कोठेच दाखल झाले नसेल, तर जवळच्या सरकारी शाळेत हा फोल्डर घेऊन जायला सांगावे आणि शक्य झाल्यास तेथील मुख्याध्यापकांशी स्वतः बोलावे. नव्या शाळेत नाव लागल्याचे कळेपर्यंत आपल्या वहीतील त्याचे पान बंद करू नये.